पूलकरांनी लावलेलं अस्तर

"अस्तर म्हणजे काय? पिशवीच्या आत दुसरी पिशवी! त्यात शिकण्यासारखं आहे काय?" असं पूलकर म्हणाले, आणि तिथेच सगळं बिघडायला सुरुवात झाली.

पूलकर हे काही त्यांचं आडनाव नव्हे. नोकरीच्या काळात त्यांनी लहानमोठे सतरा पूल बांधले होते आणि निवृत्त झाल्यापासून रोज कुणाला ना कुणाला गाठून त्यातल्या एकाची तरी गोष्ट ते सांगत. म्हणून सगळी गल्ली त्यांना पूलकर म्हणायची. बायकोसुद्धा म्हणायची, पण फक्त रागावल्यावर.

पिशवी या बायकोने विणलेली. गर्द हिरव्या सुती दोऱ्याची, क्रोशाची. तीन महिने खपली होती बिचारी. पिशवी द्यायची होती तिच्या थोरल्या बहिणीला, म्हणजे माईंना. माई शाळेच्या मुख्याध्यापिका आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा निरोपसमारंभ. पण दोघी बहिणींचं आठ महिने बोलणं बंद होतं! माईंनी घरच्या एका कार्यक्रमात, नव्या सुनेसमोर, "हिला सातवीत गणितात अकरा मार्क होते" असं जाहीर केलं होतं. ते खरं होतं, म्हणून तर जास्त झोंबलं!

"मी येणार नाही समारंभाला," बायकोने सांगून टाकलं होतं. "तुम्ही जा आणि पिशवी देऊन या. काय समजायचं ते समजेल ती."

अडचण एकच होती. क्रोशाच्या जाळीतून पेन, किल्ल्या, चष्मा सगळं खाली गळणार. अस्तर हवंच. शिंप्याने मात्र पिशवी हातात घेतली, उलटी केली, सुलटी केली आणि "आठवड्याने या" म्हणून परत दिली.

त्या सकाळी बायकोला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं होतं. "आल्यावर हातानेच काहीतरी शिवते," म्हणत ती छत्री घेऊन बाहेर पडली. दार लागताच पूलकरांनी बाह्या सरसावल्या. तिला चकित करायचं त्यांनी ठरवलं होतं. चकित तर केलंच म्हणा!

आधी त्यांनी नकाशा काढला. समोरून, बाजूने आणि वरून. मग पिशवी टेबलावर आडवी टाकून चारदा मापं घेतली आणि बरोब्बर त्या मापाचे दोन तुकडे कापले. एक दोरासुद्धा इकडचा तिकडे नाही! शिलाई मशीनवर बसून तीन बाजू शिवल्या आणि अस्तर आत घातलं. पिशवी लगेच अंग चोरून बसली. वाळलेल्या वांग्यासारखी सुरकुतली बिचारी!

पूलकर चक्रावले. पुन्हा मोजलं, तर नकाशा बरोबर, अस्तर मात्र आखूड. तेवढ्यात फोन वाजला.

"डोळ्यांत औषध घातलंय," बायको म्हणाली. "काही दिसत नाहीये. दोन तास बसायला सांगितलंय. तुम्ही जेवून घ्या."

"बरं. काय गं, सहज विचारतो, कापड शिवलं की आखडतं का?"

"आखडेल कशाला? माया ठेवावी लागते."

"ती तर आहेच की! एकतीस वर्षं ठेवलीये!"

"अहो, कापडाला! शिवणीत जातं तेवढं जास्तीचं कापड ठेवायचं, त्याला म्हणतात माया. पण तुम्हाला कशाला हव्यात या चौकशा? कशाला हात लावलाय तुम्ही?"

"मी? पेपर वाचतोय!" असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

दुसऱ्या खेपेला त्यांनी माया ठेवली. पूल बांधणाऱ्या माणसाचा हात! चारी बाजूंनी चार-चार बोटं! आता अस्तर पिशवीच्या तोंडातून जिभेसारखं बाहेर लोंबायला लागलं. हरकत नाही. त्यांनी ते दुमडलं, टाचण्यांनी जागच्या जागी बसवलं आणि पिशवीचं तोंड मशीनखाली धरून पायडल मारायला सुरुवात केली. मशीन अशी पळाली की उतारावरची सायकल! जाळी जाड, कापड चौपदरी, तरी सुई कचाकच चालली होती. तीनदा गोल फिरून शिलाई पुरी झाली. पूलकरांनी दोरा कापला आणि बोटांनी टाके ओढून पाहिले. हलायला तयार नाहीत! वरून ट्रक गेला तरी उसवणार नाहीत, असं त्यांना वाटलं आणि ऊर भरून आला.

एवढ्यात दारावरची घंटी वाजली.

पूलकर उठले. पिशवीही उठली.

ते एक पाऊल मागे सरले, तर पिशवीही त्यांच्याबरोबर मागे आली. त्यांनी खाली पाहिलं. अंगात निळ्या रेघांचा नवा शर्ट होता. उद्याच्या समारंभासाठी घेतलेला, मापाला बसतो का पाहायला म्हणून सकाळी चढवलेला. त्याचं पुढचं टोक मशीनवर पसरलं होतं आणि अस्तराच्या घड्यांबरोबर तेही शिवलं गेलं होतं. पिशवी पोटावर लोंबत होती. कांगारूसारखी!

घंटी पुन्हा वाजली. शर्ट काढावा, तर आतल्या बनियनला तीन भोकं. पूलकरांनी वर्तमानपत्र पोटाशी धरलं आणि दार उघडलं.

दारात माई!

"भाऊजी, आत येऊ का? उद्याचं आमंत्रण पोस्टाने पाठवलं होतं, पण..." त्या घसा खाकरून थांबल्या. "पण म्हटलं, स्वतः जाऊन सांगावं. ती आहे का घरात?"

"नाही, डॉक्टरांकडे गेलीये. बसा ना!" पूलकरांनी खुर्ची दाखवायला हात पुढे केला, आणि वर्तमानपत्र खाली पडलं.

माईंनी चष्मा सरळ केला. चाळीस वर्षं त्यांनी बाकाखाली लपवलेल्या वस्तू शोधल्या होत्या. "हे पोटाला काय?"

"पिशवी."

"ते दिसतंय मला. कुणाची?"

"शेजारणीची."

माई वाकल्या, जाळीवरून बोट फिरवलं आणि एक टाका नखाने उचलून पाहिला. मग म्हणाल्या, "हा टाका मी जन्मात एकीलाच शिकवलाय. खोटं बोलू नका. कात्री कुठेय?"

पूलकर मुकाट्याने त्यांच्या खुर्चीपुढे उभे राहिले, गृहपाठ विसरलेल्या मुलासारखे. माई टाके तोडू लागल्या. पण टाके कसले, लोखंडच ते! "कुणी सांगितलं होतं तीन-तीनदा शिवायला?" "मजबुतीसाठी, माई." "हलू नका! सुटलं नाही तर शर्ट कापेन, पिशवी नाही कापणार!"

नेमकी याच वेळी बायको परतली. दोन तास काही तिच्याने बसवलं नव्हतं. नवरा पेपर वाचतोय यावर तिचा मुळीच विश्वास बसला नव्हता. औषधाने तिला सगळं धूसर दिसत होतं. नवरा हात वर करून उभा, समोर कुणीतरी वाकलेलं, आणि नवऱ्याच्या पोटाशी काहीतरी चमकतंय!

"अगं बाई! कोण आहे ते? सोडा त्यांना!" तिने छत्री उगारली.

"हलू नकोस!" माई ओरडल्या. "नीट सुटत आलंय!"

छत्री हवेतच थांबली. "माई?"

"हो, मीच. छत्री खाली कर."

आठ महिन्यांनंतरचं पहिलं बोलणं ते! बायकोने छत्री खाली केली, चाचपडत पुढे आली आणि हाताला पिशवी लागताच काय झालं असेल ते ओळखलं. "पूलकर!" एवढंच म्हणाली.

"माझ्यासाठी केलीस?" माईंनी विचारलं.

"मग काय यांच्या पोटासाठी?"

माईंनी चष्मा काढून पुसला. खरं तर काचा स्वच्छ होत्या. "त्या दिवशी मी बोलायला नको होतं," त्या पुटपुटल्या. "येशील ना उद्या?"

"आधी हे अस्तर काढ. असल्या अस्तराची पिशवी घेऊन तू गेलीस, तर मला यायला तोंड उरणार नाही."

शेवटी शर्टच कापावा लागला. पूलकर आत जाऊन दुसरा घालून आले. तोवर दोघी जमिनीवर बसल्या होत्या. बायकोला सुई दिसत नव्हती, म्हणून ती सांगत होती, आणि जन्मभर सगळ्यांना सांगत आलेल्या माई निमूट ऐकून शिवत होत्या. "टाका बारीक घाल." "घालतेय." "जाळीला ताण नको देऊस." "नाही देत गं बाई!" संध्याकाळपर्यंत अस्तर लागलं. शर्टाचा कापलेला तुकडा वाया जायला नको, म्हणून माईंनी आत किल्ल्यांचा खिसाही केला.

दुसऱ्या दिवशी बायको समारंभाला पहिल्या रांगेत बसली. चहाच्या वेळी शाळेतल्या एका बाईंनी पिशवी हातात घेऊन आत डोकावलं. "अगोबाई, निळ्या रेघांचा खिसा! किती उठून दिसतोय! कुणाची कल्पना?"

पूलकर खाकरले आणि पुढे सरकले. "तसं पाहिलं तर माझीच. म्हटलं, माईंना द्यायचंय तर मनापासून द्यावं."

"मनापासून कुठलं?" बायको म्हणाली. "पोटापासून कापून घेतलाय!"