तीन नंबरची वायर

लेसिएलीच्या डब्यात सात चार्जिंग वायरी होत्या. फिजीहून पदार्थविज्ञानाची पदवी घेऊन टोंगात परतल्यावर तिने प्रत्येकीतून किती प्रवाह जातो ते मोजून चिठ्ठ्या लावल्या होत्या. रविवारी सकाळी डबा उघडला, तर पाच वायरींची टोकं उपटलेली, जाडजूड आखूड पाच नंबर तेवढी शाबूत, आणि सगळ्यांत भरवशाची, लांबलचक तीन नंबर गायब!

गावात पहाटेपासून वीज नव्हती. टॅबमध्ये बारा टक्के चार्ज उरला होता आणि त्याच टॅबमध्ये आज चर्चमध्ये म्हणायच्या नव्या गाण्याच्या सुरांचे आकडे होते; टोंगात सूर आकड्यांतच लिहितात. आजवर गायकांना शिकवणारे मोआला काका ते फळ्यावर लिहीत. तो फळा लेसिएलीनेच हट्टाने काढायला लावला होता. त्यात आज शेजारच्या गावचे गायक पाहुणे म्हणून येणार होते.

चर्चच्या दारातच तिला तीन नंबर दिसली. आत्याच्या कमरेला! सणावाराला कमरेभोवती गुंडाळतात त्या चटईवर दोन वेढे, वर घट्ट गाठ, आणि चिठ्ठी लोंबत होती.

"बाबा, मागा ना," ती सोबतच्या वडिलांना म्हणाली.

"मी? ताईकडे? तूच माग की."

"आत्याकडे?"

टोंगात आत्याचा मान घरात सगळ्यांत मोठा; तिने घेतलेली वस्तू परत मागणारा माणूस तिथे अजून जन्मायचा होता.

"पाच नंबर लावते, काका. तार जाड, म्हणून रोध कमी, म्हणून प्रवाह जास्त." दोन्ही टोकं हुबेहूब सारखी होती, कुठलंही कुठेही बसत होतं. तिला त्याचं कौतुकच वाटलं. पिशवीतली पॉवर बँक टॅबला जोडून ती निश्चिंत झाली.

प्रार्थना संपली. काकांनी टॅब उचलला. काळाठिक्कर! पॉवर बँक मात्र एकसष्ट टक्क्यांवरून अडुसष्टवर गेली होती. प्रवाह खरोखरच जास्त होता. फक्त टॅबकडून पॉवर बँकेकडे.

"वीजच शिकलीस ना गं तू?" काका कुजबुजले.

"हा धडा नव्हता, काका."

तेवढ्यात पहिल्या रांगेतून आत्या उठली. काकांच्या चुका काढायला ती प्रत्येक तालमीला हजर असे. खड्या आवाजात तिने पाठ झालेले आकडे म्हणायला सुरुवात केली, आणि गाणं दणक्यात पार पडलं.

बाहेर आल्यावर लेसिएलीने धीर केला. "आत्या, ही वायर..."

"चटईची दोरी तुटली गं सकाळी. तुझ्या सातही ओढून बघितल्या. पाच तुटल्या, एक आखूड पडली, ही टिकली." आत्याने गाठ आवळली. "प्रयोग करायला काय फिजीलाच जावं लागतं?"