नांदीआधीचा अंक

जयमालानं लग्नानंतर पुष्कळ नाटकं पाहिली होती, पण एकाही नाटकाचा पहिला अंक पाहिला नव्हता. यात नाटकवाल्यांचा काही दोष नव्हता; ते बिचारे पहिला अंक न चुकता करत. दोष तिच्या नवऱ्याचा, शेखरचा होता, आणि शेखरच्या मते तो चाकणच्या रस्त्याचा होता. कधी ट्रॅफिक, कधी ओव्हरटाइम, कधी नाट्यगृहाच्या अगदी दारातून "पाच मिनिटांत आलोच" म्हणून कुणाच्या तरी शोरूमचं उद्घाटन. काहीही झालं तरी दोघं आत शिरायची तेव्हा मध्यंतरातले वडे संपत आलेले असायचे.

त्यामुळे जयमालाच्या अंगी एक खास विद्या आली होती. दुसऱ्या अंकाच्या सुरुवातीला कोण कुणाकडं पाठ करून उभं आहे, एवढ्यावरून ती पहिल्या अंकात काय घडलं असेल ते ओळखायची. "ही रडतीय म्हणजे ही बायको. ती हसतीय म्हणजे तीही बायकोच, पण आधीची." हे सहसा बरोबर निघायचं. अंदाजानं ऐकता येत नव्हती ती फक्त नांदी. सांगवीला माहेरी असताना ती पेटी शिकायला जायची, तिथल्या बाई सांगायच्या, संगीत नाटकाचा पडदा वर जातो, सगळे नट हात जोडून उभे असतात, ऑर्गनचा पहिला सूर लागतो आणि अंगावर काटा येतो. जयमालाच्या अंगावर तो काटा अजून यायचा होता.

यंदा मात्र योग जुळला. आपल्या कारखान्यांच्या पट्ट्यात रविवार गुरुवारी येतो, हे बाहेरच्यांना ठाऊक नसतं. बाकीचा महाराष्ट्र रविवारी नाटकाला जातो तेव्हा शेखरच्या कुरुळीचा माणूस शिफ्टला असतो; कुरुळीच्या माणसाला सुट्टी असते तेव्हा महाराष्ट्र कामाला गेलेला असतो. एका हुशार नाटक कंपनीला हे कळलं आणि तिनं 'संगीत विवाहविपर्यास'चा प्रयोग गुरुवारी दुपारी लावला. जयमालानं तिकिटं काढली. तिघांची. सासूबाईंना घरी ठेवलं असतं तर निघताना त्यांचं काहीतरी दुखलं असतं, म्हणून त्यांनाही बरोबर घेतलं.

शेखर कंपनीत सेफ्टी डिपार्टमेंटला होता. हे खातं माणसाला घरीसुद्धा सोडत नाही. कंपनीत जमिनीवर पिवळ्या पट्ट्या मारलेल्या असतात आणि ज्या वस्तूची जी चौकट, त्या वस्तूनं त्या चौकटीत राहायचं असतं. शेखरनं घरी गॅसच्या सिलिंडरभोवती पिवळी चौकट मारली होती, चपलांभोवती मारली होती, आईच्या मिश्रीच्या डबीलाही एक छोटी चौकट होती. जमिनीवर पिवळी चौकट दिसली की तिच्यात काहीतरी नेऊन ठेवायचं, हे त्याच्या हाडात मुरलं होतं.

जयमालानं त्या दिवशी सगळ्यांना एवढं लवकर बाहेर काढलं की मोशीला ट्रॅफिक लागूनही ती नाट्यगृहाशी वेळेत पोचली. पुढचं पार्किंग भरलं होतं. शेखर गाडी मागच्या बाजूला घेऊन गेला आणि त्याच्या डोळ्यांत पाणीच आलं. इमारतीच्या मागं, एका मोठ्या शटरसमोर, ठळक पिवळ्या पट्ट्यांची चौकट होती आणि ती अख्खी रिकामी होती.

"बघ," तो म्हणाला. "ह्याला म्हणतात सिस्टिम. लोकांना दिसत कसं नाही?"

"अहो, पण हे शटर कसलं?"

"स्टोअर असेल. सुट्टीच्या दिवशी स्टोअर कोण उघडतंय?"

गुरुवार ही सुट्टी फक्त आपली आहे, हे सेफ्टीच्या प्रशिक्षणात नव्हतं. शटरशेजारी 'येथे वाहने उभी करू नयेत' अशी पाटीही होती, पण तिच्यावर एका भावी नगरसेवकाच्या वाढदिवसाचा फ्लेक्स लागला होता आणि भावी नगरसेवकांचा मोबाईल धरलेला हात बरोबर त्या पाटीवर आला होता. शेखरनं गाडी कंपनीच्या नियमानं रिव्हर्स घातली, दोन्ही बाजूंना सारखी जागा सोडली, हँडब्रेक ओढला, गाडी गिअरमध्ये टाकली आणि डिकीतले लाकडी ठोकळे काढून मागच्या चाकांना लावले. मग चार पावलं मागं जाऊन त्यानं त्या दृश्याचा फोटो काढला.

तिघं आत जाऊन बसली तेव्हा पहिली घंटासुद्धा झाली नव्हती. पडदा अजून खाली होता. नांदीआधीचा बंद पडदा जयमाला आयुष्यात पहिल्यांदा पाहत होती. शेजारच्या खुर्चीत रंगराव नावाचे निवृत्त गृहस्थ घरून आणलेल्या उशीवर बसले होते.

आणि ध्वनिक्षेपकावरून आवाज आला, "एक सूचना. एमएच चौदा, पांढरी गाडी, शेवटचा आकडा सात. मालकांनी कृपया आपली गाडी काढावी."

शेखर अर्धा उठला. जयमालानं त्याचा शर्ट धरला.

"कुठं?"

"आपली गाडी म्हणतायत."

"म्हणू देत."

"अगं, पाच मिनिटांत आलोच—"

"ह्या पाच मिनिटांत आजवर माझे सगळे पहिले अंक गेलेत. खाली बसा. नांदी झाल्याशिवाय हलायचं नाही."

शेखरनं विचार केला. त्यालाही ते पटलं. "तसं बघितलं तर आपण चौकटीच्या आत आहोत. ज्यानं बाहेर लावली असेल त्यानं काढावी की."

थोड्या वेळानं आवाज परत आला. तो आता जरा कोरडा झाला होता. "पांढऱ्या गाडीचे मालक. आपण गाडीच्या चाकांना लाकडी ठोकळे लावून गेला आहात. कृपया येऊन गाडी काढावी."

सभागृह हसलं. रंगराव म्हणाले, "ठोकळे! गाडी आहे का बैल आहे, पळून जायला!"

शेखर सगळ्यात मोठ्यानं हसला. अशा वेळी कमी हसणारा माणूस पकडला जातो, एवढं त्याला कळत होतं.

तिसऱ्या सूचनेत आवाजानं सभ्यतेचा पडदा बराच वर नेला. "ज्या गाडीच्या मागच्या काचेवर 'विमलबाई कृपा' असं लिहिलेलं आहे, त्या गाडीच्या मालकांनी, असतील तिथून, ताबडतोब यावं. विमलबाई कृपा!"

आता अडचण अशी होती की विमलबाई, म्हणजे जयमालाच्या सासूबाई, स्वतः शेखरच्या पलीकडच्या खुर्चीत बसल्या होत्या.

"आगं बया! माजं नाव घेत्यात!" त्या पदर सावरत उभ्या राहिल्या. "व्हय व्हय! आमी हितंच हाय!"

जयमालानं त्यांना हाताला धरून खाली ओढलं. "आत्या, बसा! ते नटीचं नाव आहे."

"नटीचं? मंग ती कुटं गेलीया? एवढ्यांदा हाका मारत्यात तरी यीना व्हय?"

"मेकअप चाललाय तिचा."

"बाई भलतीच मानाची दिसतीया," विमलबाई म्हणाल्या आणि आपल्या नावाची नटी बघायला सरसावून बसल्या. पुढं आणखी दोनदा नाव पुकारलं गेलं. दर वेळी त्या आजूबाजूला बघून ओळखीचं हसल्या.

नाटकाची वेळ होऊन गेली. घंटा होईना. मग एक निराळा, गोड आवाज म्हणाला, "तांत्रिक अडचणीमुळे प्रयोगाला थोडा विलंब होत आहे. रसिकांनी सहकार्य करावं." रसिकांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. नाटक आवडल्यावर वाजवतात त्यापेक्षा त्या बऱ्याच जोरात होत्या. रंगराव चौकशीला उशी सोडून बाहेर गेले. जयमाला बंद पडद्याकडं अशी बघत होती, जणू नजरेनंच तो वर जाईल.

शेखरला मात्र व्यवस्थापनाचा राग आला. "आमच्या कंपनीत लाईन एवढा वेळ थांबली असती ना, तर चार जणांना घरी बसवलं असतं," तो मागच्या रांगेला ऐकवू लागला. "ह्या लोकांना मूळ कारण शोधताच येत नाही. आमच्याकडं पद्धत आहे. पाच वेळा 'का' विचारायचं. पाचव्या 'का'ला गुन्हेगार हातात येतो."

तेवढ्यात रंगराव परतले.

"कळलं का काही?" शेखरनं सगळ्यांदेखत सुरुवात केली. "प्रयोग का थांबलाय?"

"सेट लागलेला नाही."

"का?"

"सेट टेम्पोत आहे. पेटीवालेसुद्धा टेम्पोतच बसून आहेत, ऑर्गन धरून."

शेखरनं मागच्या रांगेकडं वळून बोटं दाखवली, दोन झाले. "टेम्पो आत का नाही आला?"

"मागच्या शटरला गाडी आडवी आहे. ती ठोकळेवाली."

शेखरचा आवाज एकदम उतरला. "आणि... ती तिथं का लावली असेल?"

"कोण मूर्ख आहे कोण जाणे! सामान उतरवायची जागा आहे, मोकळी ठेवायला पिवळ्या पट्ट्या मारल्यात. हा पठ्ठ्या बरोबर पट्ट्यांच्या मधे लावून गेलाय. मापात!"

पाचवा 'का' शेखरनं विचारला नाही. मागची रांग मात्र बोट वर करून त्याची वाट बघत होती.

त्यानं जयमालाकडं पाहिलं. तिनंही सगळं ऐकलं होतं. जी नांदी ऐकायला तिनं नवऱ्याला खुर्चीत दाबून बसवलं होतं, ती नांदी त्याच्या गाडीमुळं बाहेर टेम्पोत बसली होती.

"जा," ती हळूच म्हणाली. "पाच मिनिटांत येतो एवढं मात्र म्हणू नका."

मागं दहा-बारा माणसं गाडीभोवती उभी होती. चौघांनी ढकलून पाहिलं होतं, पण शेखरनं लावलेली गाडी शेखरशिवाय हलत नसे. टेम्पोत राजवाड्याचे खांब आडवे पडले होते आणि त्यांच्यामध्ये सिंहासनावर पेटीवाले आबाजी ऑर्गनवर एक हात ठेवून बसले होते. राजाच्या चेहऱ्यावर राज्य गेल्यावर जो भाव असतो, तो त्यांच्या चेहऱ्यावर मेकअपशिवाय होता.

"गाडी तुमची का?" टेम्पोवाल्यानं बाह्या सरसावल्या.

"छे! मी ड्रायव्हर," शेखर म्हणाला. "मालक आत बसलेत."

"आत बसलेत? आणि ऐकू येत नाही त्यांना?"

"सगळं ऐकू येतं. माणूसच तसला आहे."

"ठोकळे पण त्यांनीच लावायला सांगितले?"

"रोज लावायला लावतात," शेखर ठोकळा काढत म्हणाला. भूमिका त्याच्या अंगात भिनू लागली होती. "घरात मिश्रीच्या डबीला पट्ट्या मारल्यात. त्यांच्या बायकोनं कसे दिवस काढले असतील, ते तिचं तिला माहीत."

"काय पण एकेक राव," टेम्पोवाला हळहळला आणि त्यानं शेखरला गाडी काढायला स्वतः हात दाखवून मदत केली. सिंहासनावरून आबाजी म्हणाले, "नोकरी बदला हो, ड्रायव्हर."

इकडं सभागृहात पडद्याबाहेर व्यवस्थापक आले आणि त्यांनी हात जोडले. संध्याकाळी हेच सभागृह एका झुंबा स्पर्धेला दिलेलं होतं. वेळ उरला नव्हता. त्यामुळे पहिला अंक गाळून नाटक दुसऱ्या अंकापासून सुरू होईल.

सभागृहात एकच गोंधळ उडाला. फक्त जयमाला शांत बसली होती. तिच्या नशिबाला आता सभागृहानंही मान्यता दिली होती. इतके दिवस ती एकटी पहिला अंक चुकवत होती. आज तिनं सगळ्यांचा चुकवला.

पण व्यवस्थापक थांबले होते. "मात्र आमच्या आबाजींचं म्हणणं असं आहे, की अंक कुठलाही करा, नांदी झाल्याशिवाय ते ऑर्गनला हात लावणार नाहीत. तेव्हा नांदी होईल."

घंटा झाली. पडदा वर गेला. राजवाड्याचा एक खांब उभा होता, दुसरा दोन माणसं मागून धरून होती. त्यांच्या पुढं सगळे नट हात जोडून उभे होते. मग ऑर्गनचा पहिला सूर लागला. तो अजून टेम्पोतून उतरल्यासारखा थोडा हलत होता, पण हळूहळू स्थिर झाला आणि सभागृहभर पसरला. गोंधळ आपोआप विरला. जयमालानं आपल्या हाताकडं पाहिलं. बाईंनी सांगितलं होतं ते खरं होतं.

नांदी संपली आणि दुसरा अंक सुरू झाला. एक बाई रडत होती, एक हसत होती, एक पुरुष दोघींकडं पाठ करून उभा होता. अख्ख्या सभागृहाला कशाचा काही पत्ता लागेना.

"ही कोण आता?" रंगराव पुटपुटले.

"बायको," जयमाला म्हणाली.

"आणि ती?"

"तीही. पण आधीची. तो पाठ करून उभा आहे म्हणजे पहिल्या अंकात पत्र चुकीच्या घरी गेलं असणार."

थोड्याच वेळात नटीनं पत्र काढलं. रंगरावांनी वळून जयमालाकडं आदरानं पाहिलं. पुढची रांग मागं झुकली, मागची पुढं झुकली. नटांनी बोलायचं आणि जयमालानं त्याचा अर्थ सांगायचा, असं ते नाटक रंगत गेलं.

गाडी लांब कुठंतरी पट्ट्या नसलेल्या जागी लावून शेखर अंधारात लोकांच्या पायांवर पाय देत खुर्चीपर्यंत आला.

"नांदी झाली?" त्यानं धापा टाकत विचारलं.

"झाली."

"आणि पहिला अंक?"

"तो तुम्ही केलात की. मागच्या दाराला."

घरी परतताना मोशीला परत ट्रॅफिक लागला. जयमाला खिडकीबाहेर बघत नांदीचा सूर गुणगुणत होती. शेखरनं अंदाज घेत विचारलं, "वाईट वाटलं का गं?"

"नाही. आज सगळ्यांबरोबर अगदी सुरुवातीपासून बघितलं."

मागच्या सीटवर विमलबाई बोटांवर काहीतरी मोजत होत्या. शेवटी त्या म्हणाल्या, "येवढं समदं नाटक झालं, पर खऱ्या नटीचं नाव येकडावच घेतलं. माजं तीन डाव घेतलं. स्पीकरवरनं." त्यांनी मागच्या काचेवरच्या आपल्या नावाकडं एकदा मान वळवून पाहिलं. "शेखर, फुडच्या बारीला बी गाडी तितंच लाव."