रेडिओ पाहा, नभोवाणी पाहा

परीक्षक मॅडम अकराला येणार होत्या आणि आपण काय करून ठेवलंय, ते राजेंद्रच्या सव्वादहाला लक्षात आलं.

त्याने सहज सूचीतलं 'रेडिओ'चं कार्ड काढलं. त्यावर त्यानेच चिकटवलेली चिठ्ठी होती : 'नभोवाणी' पाहा. त्याने 'नभोवाणी'चा खण ओढला. तिथे रेणुकाच्या अक्षरातलं जुनं कार्ड होतं : 'रेडिओ' पाहा. त्याने 'जाहिरात' काढलं. ते 'विज्ञापन' पाहायला सांगत होतं, आणि 'विज्ञापन' परत 'जाहिरात'कडे पाठवत होतं.

रेणुका त्याची बायको. वलवणच्या या वाचनालयात तिने तीस वर्षं वर्तमानपत्रं, रेडिओ, टीव्ही यांच्याविषयी कुठेही काही छापून आलं की ते फायलीत लावलं आणि त्याचं कार्ड लिहिलं. फेब्रुवारीत ती गेली. वाचनालय चालवणाऱ्या संस्थेने तिच्या खुर्चीत राजेंद्रला बसवलं. तो रेल्वेतून निवृत्त झालेला.

मग संस्थेच्या पुण्याच्या कार्यालयातून सूचीसाठी मान्य शब्दांची छापील यादी आली. एका विषयाला एकच शब्द, आणि तो यादीतलाच. सोबत पत्र होतं. परीक्षक तीन विषय विचारतील. प्रत्येकाचे लेख दहा मिनिटांत सापडले नाहीत, तर संग्रह पुण्याला हलवून संगणकावर घेतला जाईल आणि कार्डं रद्दीत जातील.

'रद्दी' वाचल्यापासून राजेंद्रला झोप नव्हती. चार हजार कार्डं रेणुकाच्या हातची. घरात तिचं लिहिलेलं दुसरं काहीच उरलं नव्हतं. वाणसामानाच्या चिठ्ठ्याही तो दुकानातच टाकून यायचा.

खरं तर जुनी कार्डं काढून नवी लिहायला हवी होती. त्याला एकही काढवेना. म्हणून त्याने त्यांच्यावर यादीतल्या शब्दाकडे पाठवणाऱ्या चिठ्ठ्या चिकटवल्या. कुठलं कार्ड आधीच कुठे पाठवतंय, ते पाहिलंच नाही. त्यात चिठ्ठी नेमकी फायलीच्या नंबरावर बसली होती. डिंक त्याने सढळ हाताने लावला होता.

"सुषमा, मेलो मी," तो म्हणाला.

सुषमा वरच्या वाडीतली. दहा वर्षं वाचनालयात झाडलोट करत होती. ती कपाट पुसत होती.

"का वं भाऊ? सकाळपासनं च्या बी न्हाई घेतला तुमी."

"घशाखाली उतरणार नाही."

बाहेर गाडी थांबली. राजेंद्रने खण बंद केला, त्यात बोट सापडलं, पण ओरडायचंही त्याला भान राहिलं नाही.

परीक्षक सारिका नातू मॅडम आल्या. बसल्या नाहीत. घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. "पहिला विषय. नभोवाणीवरचे शेतीविषयक कार्यक्रम."

राजेंद्रने 'नभोवाणी'चा खण ओढला. मग 'रेडिओ'चा. मग पुन्हा 'नभोवाणी'चा. मॅडम त्याच्यामागून चालत होत्या.

"आपण मघाशी इथेच होतो ना?"

"हो मॅडम. आता पुढे जाऊ."

पुढे म्हणजे 'रेडिओ'कडे. तिसऱ्या फेरीत मॅडम थांबल्या. "ती चिठ्ठी काढा. खाली नंबर असेल."

राजेंद्रने नख घातलं. चिठ्ठीबरोबर रेणुकाचा एक रफार उचकटून आला. त्याने हात मागे घेतला.

"नको मॅडम."

"का नको?"

"डिंक ओला आहे."

मॅडमनी चिठ्ठीवर बोट फिरवलं. डिंक दगडासारखा वाळला होता. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं.

"शेतीचं बोलनं व्हय?" सुषमा फडकं घेऊन पुढे आली. "ते धरणाकडल्या खिडकीपाशी हाय, खालून दुसरं. उंदरानं कोपरा खाल्लाय त्याचा."

तिने फाईल आणून ठेवली. मॅडमनी उघडली. सगळे लेख त्यात होते.

"दुसरा विषय," मॅडम सावधपणे म्हणाल्या. "वृत्तपत्रांतील अफवा व त्यांचे खंडन."

"म्हंजी काय?"

"छापून आलेल्या खोट्या बातम्या."

"आस्सं बोला की! त्या रेणुकाताईंनी देवाच्या फोटूखाली ठिवल्यात. म्हनायच्या, हितं तरी गप बसतील."

तिसरा विषय होता बालकांवर जाहिरातींचा परिणाम. "पोरं हट्ट धरत्यात त्ये? त्ये लय जड हाय, भाऊ, हात लावा," सुषमा म्हणाली. तिन्ही फायलींना मिळून चार मिनिटं लागली.

"तुम्हाला हे सगळं कसं माहीत?"

"धा वर्सं पुसतेय की. मी पुसायची, ताई सांगायच्या ह्यात काय हाय न् त्यात काय हाय."

मॅडमनी पेनाला टोपण लावलं. "संग्रह उत्तम आहे. पण या कार्डांचा उपयोग शून्य. संग्रह पुण्याला नेऊ, आणि या बाईंनाही."

राजेंद्र कार्डांच्या खणांपुढे जाऊन उभा राहिला.

"पुन्याला? मी न्हाई यायची," सुषमा म्हणाली. "माज्या शेळ्या कोन बगंल? तुमी?"

"अहो, पण मग तिकडे हे सापडणार कसं?"

"त्येच म्हंते मी."

मॅडमनी ते उचकटलेलं कार्ड हातात घेतलं. "हे अक्षर कुणाचं?"

"बायकोचं," राजेंद्र म्हणाला.

मॅडमनी टोपण पुन्हा काढलं आणि बराच वेळ लिहीत बसल्या. काय लिहिलं ते सांगितलं नाही. राजेंद्रने आठ दिवस अर्ध्या पोटी काढले.

नवव्या दिवशी पत्र आलं. संग्रह वलवणलाच राहील. कार्डांना कुणीही हात लावू नये, चिठ्ठ्याही काढू नयेत. सुषमा यांची सूची सहायक म्हणून नेमणूक करण्यात येत आहे. राजेंद्र यांनी त्यांच्याकडून सहा महिन्यांत सर्व फायलींच्या जागा शिकून घ्याव्यात. त्यानंतर परीक्षा होईल.

"परीक्षा!" राजेंद्र मटकन खुर्चीत बसला.

"उठा," सुषमा म्हणाली. "खुर्चीत बसून न्हाई याचं त्ये." तिने त्याच्या हातात फडकं दिलं आणि खुर्चीत स्वतः बसली.

राजेंद्र खिडकीपासून पुसायला लागला. फायली झाल्या, मग तो कार्डांच्या खणांकडे वळला. पहिला खण पुसायला त्याला पाऊण तास लागला.

"भाऊ," खुर्चीतून आवाज आला, "निस्तं पुसा. वाचत बसू नका."