लाल गाडीचा मऊ ब्रेक

"दाब!" चाकामागून मल्हारीचा आवाज आला.

"दाबला."

"धरून ठेव!"

"धरलाय."

"सोड!"

दीपमाला गांगुर्डे सरकारी दवाखान्यात सिस्टर होती. शनिवारची सुट्टी तिने आराम करायला घेतली होती आणि सकाळपासून ती सोसायटीच्या पार्किंगमध्ये ब्रेकचं पेडल दाबत बसली होती. प्रेसमधून निवृत्त झाल्यावर नवऱ्याने, मल्हारीने, दोन सीटची, साठीच्या पुढची लाल विलायती स्पोर्ट्स कार आणली, तेव्हा ती आठवडाभर त्याच्याशी बोलली नव्हती. पण दोन वर्षं त्याला त्या सांगाड्यावर जीव लावताना बघून तिलाही गाडीचा लळा लागला होता.

उद्या जुन्या गाड्यांची रॅली होती. मल्हारीने सायखेड्याचे झाडून सगळे नातेवाईक गंगापूर रोडला बोलावून ठेवले होते आणि ब्रेक तर लोण्यासारखा मऊ होता. पाइपात हवा अडकली होती, ती काढायची होती.

"आता शेवटची हवा," मल्हारी अकराव्यांदा म्हणाला. "दाब! जोर लाव! अजून जोर लाव!"

दुसऱ्या मजल्यावरच्या धोंडाबाईंनी हे ऐकलं. सिस्टर खाली आहे आणि जोर लावायचं चाललंय, म्हणजे कोणीतरी अडलेली असणार! म्हातारी गरम पाण्याचं पातेलं आणि जुनं लुगडं घेऊन धापा टाकत उतरली.

"कोनाची लेक हाय गं? डोकं दिसलं का?"

दीपमाला दचकली आणि तिचा पाय पेडलवर धाडकन पडला. चाकाजवळची नळी निसटली. ब्रेक ऑइलची चिळकांडी मल्हारीच्या टकलावरून थेट सेक्रेटरी योगेश यांच्या नव्या बाइकच्या टाकीवर गेली.

"अरे देवा! रंग खातं ते!" मल्हारी ओरडला.

दीपमालाने धोंडाबाईंच्या हातातलं पातेलं ओढलं, घाईघाईने टाकी धुतली आणि लुगड्याने पुसली. रंग वाचला. योगेश जिन्यात आले, तेव्हा टाकी लखलखत होती.

"वहिनी, माझी बाइक कशाला धुताय?"

"शेजारधर्म," दीपमाला म्हणाली.

योगेश खूश होऊन गेले. धोंडाबाई मात्र बाळ न बघता वर जायला तयार नव्हत्या.

नळी परत लावली, पण ब्रेक मऊ तो मऊच. मल्हारी फरशीवर बसला. "राहू दे दीपा. फोन करून सांगतो सगळ्यांना, येऊ नका म्हणून."

त्याचा पडलेला चेहरा तिला बघवेना. पदर खोचून ती स्वतःच चाकाशी आडवी झाली.

"अहो, हवा ह्या तोटीतून काढता ना?"

"हो."

"मग ही खाली का? हवा तर वर चढते. इंजेक्शन भरलं की आम्ही सुई वर धरूनच हवा काढतो. खाली धरली तर औषध सांडेल आणि हवा आतच राहील."

"ती तिथंच असते गं."

"मागच्या चाकांना बघा की. वर आहे."

मल्हारीने मागे पाहिलं, पुढे पाहिलं. मग बराच वेळ त्याने कुठेच पाहिलं नाही. महिन्यापूर्वी त्याने पुढच्या दोन्ही चाकांचे ब्रेक काढून हौसेने रंगवले होते आणि बसवताना डावा उजवीकडे, उजवा डावीकडे लावला होता, त्यामुळे तोट्या उलट्या होऊन खाली आल्या होत्या.

"बोलू नकोस," तो म्हणाला.

"मी काही बोलले का?"

ब्रेक बदलून लावले. पुन्हा दाब, धर, सोड. भसाभस बुडबुडे आले, आणि अचानक दीपमालाच्या पायाखाली पेडल दगडासारखं घट्ट झालं. तिने आनंदाने हॉर्न वाजवला. दोघंही वेड्यासारखी हसत सुटली.

"झालं वाटतं," धोंडाबाई म्हणाल्या. "मुलगा की मुलगी?"

संध्याकाळी जेल रोडवर चाचणी झाली. स्टिअरिंग दीपमालाकडेच होतं, ब्रेकवर पाय तिचाच बसला होता. पुढची रिक्षा हात न दाखवता गचकन थांबली. लाल गाडीही थांबली. मध्ये जेमतेम वीतभर जागा उरली.

"मावशी, जरा बघून!" रिक्षावाला खेकसला.

मल्हारीने उतरून त्याला कडकडून मिठी मारली.

रविवारी गंगापूर रोडला लाल गाडी दिमाखात आली. सायखेडेकरांनी आरोळ्या ठोकल्या. दीपमाला गॉगल लावून गाडी चालवत होती आणि शेजारी मल्हारी लोकांना हात करत होता. त्याचा उजवा पाय मात्र प्रत्येक वळणावर समोरचा मोकळा पत्रा दाबत होता.

"तिकडे ब्रेक नाहीये हो," दीपमाला म्हणाली आणि तिने वेग वाढवला.