डावी सीट भरलेली आहे

गद्रेकाकांच्या गाडीत डाव्या सीटवर गव्हाची गोण बसते. बसते म्हणजे अगदी पाठ टेकून, पट्टा लावून आणि वर एक जुनी शाल पांघरून बसते. आमचा वॉचमन नवा होता तेव्हा त्याने आठवडाभर गोणीला सलाम ठोकला. काकांनी त्याला थांबवलं नाही. सलाम चुकीच्या माणसाला होतोय असं त्यांना मुळीच वाटलं नसावं.

गाडी दोनच सीटची, लाल, बुटकी आणि बिनटपाची. कोथरूडमधल्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये ती उभी असली की बाकीच्या गाड्या तिच्याकडे वाकून बघतायत असं वाटतं. काका मोटारींच्या एका कारखान्यात, नव्या गाड्यांची चाचणी घेणाऱ्या खात्यात आयुष्यभर होते. परदेशी कंपन्या आल्या, कारखान्याने स्वेच्छानिवृत्ती काढली, आणि लोक त्या पैशातून मुलांसाठी फ्लॅट घेत होते तेव्हा काकांनी कुणाच्या तरी बंगल्यात गंजत पडलेली ही विलायती गाडी आणली. दोन वर्षं ते तिच्याखालीच राहत होते, असं कुंदाकाकू म्हणायच्या. कुंदाकाकू म्हणजे त्यांची बायको. त्यांच्याकडे मी येतोच.

मी मूळचा अकोल्याचा, संगणकाच्या नोकरीपायी पुण्यात आलेला. मला गाडी चालवायला काकांनी शिकवलं. म्हणजे माझ्याच गाडीत, माझ्याच पेट्रोलवर आणि माझाच अपमान करून. त्यांच्या गाडीत बसायची माझी फार इच्छा होती, पण विचारलं की एकच उत्तर यायचं, "डावी सीट भरलेली आहे." गोणीसाठी माणसाला नाही म्हणणारं हे एकच शहर असावं.

शिकवताना त्यांचा प्रश्नही एकच असायचा. वजन कुठे गेलं? ब्रेक मारला की गाडीचं वजन पुढे जातं, वेग घेतला की मागे, डावीकडे वळलं की उजवीकडे. ज्याला हे कमरेत कळतं तो ड्रायव्हर, बाकीचे नुसते स्टिअरिंगला लोंबकळणारे. चांदणी चौकाच्या उतारावर मी वळणात ब्रेक मारला तेव्हा त्यांनी गाडी कडेला घ्यायला लावली.

"देशमुख, वजन कुठे गेलं?"

पुढच्या चाकांवर, असं मी म्हणालो.

"मग थांबायचंही त्यांनीच आणि वळायचंही त्यांनीच? एका हमालाला एका वेळी एकच ओझं सांगावं. आधी सरळ रस्त्यावर ब्रेक, मग वळण. आणि बघायचं ते वळणाच्या पलीकडे. गाडी नजरेमागे जाते."

हा प्रश्न ते कुठेही विचारत. कुणाचं लग्न मोडलं, कुणाच्या मुलाने नोकरी सोडली, की काका मान हलवून म्हणायचे, वजन कुठे गेलं ते बघितलं नाही, दुसरं काय. सोसायटीच्या सभेत टेबलाखाली त्यांचा उजवा पाय चालूच असायचा. चवडा ब्रेकवर, आणि त्याच पायाची टाच अॅक्सिलरेटरवर. रेसवाले वळणाआधी गिअर उतरवताना असं करतात म्हणे, म्हणजे गाडीला हिसका बसत नाही. एका शेजारणीला वाटलं यांच्या पायात गोळे येतात. तिने बिचारीने तेलाची बाटली आणून दिली. काकांनी आभार मानून ते तेल गॅरेजच्या दाराच्या बिजागरीला घातलं.

आता गोण. कुंदाकाकू सुनेच्या बाळंतपणाला अमेरिकेला गेल्या, त्या सहा महिन्यांसाठी. मग दुसरं बाळंतपण आलं, मग पाळणाघर महाग पडतं म्हणून राहिल्या, मग राहण्याचे कागद झाले म्हणून राहिल्या. काका एकदा जाऊन आले आणि मुदतीआधीच परतले. मी कारण विचारलं तर म्हणाले की तिथल्या गाड्यांना क्लच नसतो, माणसाचा डावा पाय दिवसभर बेकार बसून राहतो. मुलगा सकाळी ऑफिसला जाई, सून जाई, काकू नातवंडांत, आणि काका घराच्या पायरीवर बसून सरळ रस्त्यावरून सरळ जाणाऱ्या गाड्या बघत. एवढं त्यांनी सांगितलं आणि विषय बदलला.

काकू असताना दर उन्हाळ्यात नारायण पेठेतल्या त्यांच्या नेहमीच्या दुकानातून वर्षाचा गहू यायचा. त्या गेल्यावरही तो येत राहिला. काका डब्यावर जेवत होते, पोळी लाटणारं घरात कुणी नव्हतं, पण दुकानदाराला नको म्हणून सांगणं त्यांच्याने झालं नाही. त्यातली एक गोण गाडीत आली. मी एकदा सरळच विचारलं तेव्हा त्यांनी यंत्रशास्त्रातलं कारण दिलं. गाडीच्या चारही चाकांवर किती भार पडतो ते मोजून त्यांनी स्प्रिंगा बसवल्या होत्या, आणि मोजताना डाव्या सीटवर काकू बसल्या होत्या. दोन दिवस त्या मांडीवर ताट घेऊन मेथी निवडत बसून होत्या आणि काका खाली मोजत होते. आता ती सीट रिकामी राहिली तर गाडी उजवीकडे कलते. म्हणून काकूंच्या वजनाइतका गहू. मला वाटलं, काय हा तऱ्हेवाईकपणा.

माझ्या ऑफिसातली मुलं महिन्यातून एका रविवारी चाकणच्या पुढे एका कारखान्याचा चाचणीचा ट्रॅक भाड्याने घेतात. पगार वाढले, वेगवान गाड्या आल्या, पण चालवणार कुठे? कर्वे रस्त्यावर पहिल्या गिअरमध्येच गाडीचे हप्ते फिटतात. मी काकांची आणि या मुलांची ओळख करून दिली आणि मुलांचे चेहरे उतरले. ती वळणात जोरात शिरायची आणि बाहेर येताना चाकांचा आरडाओरडा व्हायचा. काका हळू शिरायचे, आणि बाहेर येताना दिसायचेच नाहीत. पहिली जागा मात्र त्यांना कधी मिळाली नाही. ती आमच्या समीरची. समीर मनाचा चांगला. एक दिवस काकांना म्हणाला, "काका, सिरियसली, ती गोण काढा. मी स्प्रिंगा एकट्या माणसासाठी सेट करून देतो, फ्री. मग तुम्हाला कोण पकडणार? ते डेड वेट आहे हो."

"डेड नाहीये," काका म्हणाले, आणि हेल्मेट घातलं.

त्या दिवशी मी शेवटच्या वळणापाशी उभा होतो, म्हणून मला दिसलं. सरळ रस्ता संपून काकांनी जोरात ब्रेक मारला. त्यांच्याच शिकवणीप्रमाणे त्या क्षणी डावा हात गिअरवर पाहिजे. तो गिअरवर गेला नाही. आधी गोणीसमोर आडवा झाला, स्कूटरवर पुढे उभ्या केलेल्या मुलाला आपण धरतो तसा, आणि मग गिअरवर आला. प्रत्येक फेरीत तसंच. समीरच्या मागे ते तेवढ्यानेच राहत होते. मला एकदम फार वाईट वाटलं.

त्यानंतरच्या रविवारी सकाळी मी खाली आलो तर काका पार्किंगमध्ये उकिडवे बसले होते. गोणीचं तोंड उसवलेलं, शेजारी तागडी, आणि ते ओंजळीने गहू काढून डब्यात टाकत होते. मला वाटलं समीरचं म्हणणं शेवटी पटलं. तसं मी बोलूनही गेलो.

काका डब्याकडेच बघत म्हणाले, "कुंदाचा फोन होता. महिनाभर आजारी होती. मला कुणी सांगितलं नाही. म्हणाली, पाच किलो उतरले मी."

यंदा येणार होत्या ना, असं मी विचारलं. प्रवास नको म्हणालेत डॉक्टर, असं ते म्हणाले. मग बराच वेळ ते दाभणाने गोणीचं तोंड शिवत बसले. टाके अगदी सारखे घालत होते. शिवून झाल्यावर त्यांनी गोण सीटवर नीट बसवली, पट्टा लावला, तो आता सैल होत होता म्हणून ओढून घेतला, आणि शाल गळ्यापर्यंत आणली. वजन कुठे गेलं हे जन्मभर विचारणारा माणूस, आणि आपल्या माणसाचं वजन कुठे गेलं ते त्याला सातासमुद्रापलीकडून फोनवर कळावं. डब्यातला गहू त्यांनी माझ्या हातात दिला आणि दळून आणायला सांगितलं. "वाया घालवू नका," एवढंच म्हणाले.

घरी बायकोला सगळं सांगितलं. तिने त्या पिठाच्या पोळ्या केल्या, काकांना जेवायला बोलावलं, आणि ते चार पोळ्या जेवले.

पावसाळा सरला तरी गाडी ट्रॅकवर गेली नाही. समीर विचारून विचारून थांबला. काका रोज सकाळी फडकं मारायचे, इंजिन थोडा वेळ चालू ठेवायचे आणि बंद करून वर जायचे. टेबलाखालचा पायही गप्प झाला होता, आणि सभेत सगळ्यांनाच ते चुकल्यासारखं वाटत होतं.

दिवाळीच्या अलीकडे एका सकाळी बेल वाजली. दारात काका, दाढी केलेली, हातात तोच डबा, रिकामा.

"देशमुख, दोन किलो गहू मिळेल का? लोकवनच हवा. तिला दुसरा चालत नाही."

बायको माझ्याआधी समजली. तिने डबा घेतला, आत गेली आणि शिगोशीग भरून घेऊन आली. काकांनी तो हातात तोलून पाहिला आणि परत तिच्यापुढे धरला.

"एवढा नको," ते म्हणाले. "दोनच भरलेत म्हणाली."