दसऱ्याची गाठ

कटर जागची हलली आहे, असा संशय प्रभाकररावांना सोमवारी सकाळी सात वाजता आला. रात्री झोपताना तिचं तोंड ओसरीच्या खांबाकडे होतं, आता ते संडासाकडे वळलं होतं.

"अनुसया! मशीनले कोनं हात लावला?"

"मी झाडलं तिथं," अनुसयाबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "सरकवल्याबिगर झाडू कसा?"

"म्हंजे हात लावला."

"झाडूनं सरकवली."

"झाडूनं मशीन सरकते काय? आज काम नाई करत मी. आधी पाहा लागते कोनी काय ढिलं केलं तं."

म्हणजे आजही काम नाही. प्रभाकररावांनी वर्ध्याच्या बाजारात चाळीस वर्षं कापडाचं दुकान चालवलं. एवढ्या वर्षांत गिऱ्हाइकाच्या पिशवीपासून स्वतःच्या गल्ल्यापर्यंत सगळ्यांवर संशय घेतला, फक्त कापड मोजताना मात्र हात सढळ. गजाच्या पुढे दोन बोटं कापड जास्तच जायचं, आणि त्या दोन बोटांवरच दुकानाचं नाव टिकून होतं. आता दुकान मुलगा अंकित पाहतो आणि प्रभाकरराव घर पाहतात, हे घराचं दुर्दैव.

लाकूड कापायची ही हातातली गोल पात्याची कटर त्यांनी दसऱ्याच्या आधी आणली. कारणही तसंच होतं. लेक हर्षाचं सावंगीला नवीन घर झालं होतं, दिवाणखान्यात देव्हाऱ्यासाठी कोनाडाही ठेवला होता आणि येत्या रविवारी वास्तू होती. प्रभाकररावांनी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जाहीर करून टाकलं, "हर्षाचा देव्हारा मी स्वतः माझ्या हातानं करणार." सगळ्यांनी फुलं पाठवली. पुलगावचे व्याही लक्ष्मणराव यांनी मात्र फक्त एक अंगठा आणि एक हसरा चेहरा पाठवला.

"अंगठा काऊन पाठवला या मानसानं?" प्रभाकररावांनी तो फोन तीनदा बायकोसमोर धरला. "म्हंजे काय, माया अंगठा कटन म्हंते काय?"

तेव्हापासून तो देव्हारा म्हणजे नुसता देव्हारा राहिला नव्हता. व्याह्यासमोर दिलेला शब्द होता. दुकानाच्या जुन्या दाराच्या सागाच्या फळ्या तेवढ्या हाताशी होत्या. एक फळी चुकली तर दुसरी नव्हती.

एवढं असून महिनाभरात मशीन एकदाही सुरू झाली नव्हती. आधी त्यांना वाटलं, दुकानदारानं वापरलेली गळ्यात मारली. मग शेजारचा गजेंद्र रोज कंपाउंडवरून "काका, झालं का?" विचारतो, म्हणजे त्याच्या मनात काहीतरी आहे असं वाटलं. मशीनसोबत आलेलं पुस्तक त्यांनी पहिल्याच दिवशी रद्दीत टाकलं होतं. ते अनुसयाबाईंनी उचलून आणलं, कारण त्यात चार पानं हिंदीत होती. दुपारी पोथी वाचावी तसं त्या ते वाचायच्या.

"आवो, यात लिवलं हाय, पिन लावाच्या आधी बटन पाहा. पात्यावरचं झाकन आपोआप मागं येते का पाहा. गळ्यात लोंबतं काई ठेवू नोका."

"पुस्तक वाचून कोनी कापड इकते काय?"

"कापड बोटं तोडत नाई ना."

यावर त्यांनी दुपट्टा खांद्यावर झटकला आणि ते बाहेर निघून गेले.

बुधवारी मात्र सुटका नव्हती. गजेंद्र सुट्टी काढून घरी होता आणि "आज पाहूनच जातो" म्हणत ओसरीवरच येऊन बसला. प्रभाकररावांनी अंगणात प्लास्टिकच्या दोन खुर्च्या समोरासमोर मांडल्या, त्यांवर एक भंगार फळी आडवी टाकली, तिच्यावर मशीन ठेवली. मशीनच्या मुठीला दसऱ्याच्या पूजेचा लाल नाडा तसाच होता, सुकलेल्या झेंडूसकट.

"तो नाडा काढा आधी," अनुसयाबाई म्हणाल्या.

"पुजेचा नाडा काढत नसते. तो आपोआप गळते."

"आवो पन—"

"तू तं मले काम करूच नाई देत!" असं म्हणून प्रभाकररावांनी दुपट्टा खुर्चीच्या पाठीवर टाकला, ते तरातरा ओसरीवर गेले आणि त्यांनी बोर्डात पिन घातली.

झालं! मशीनजवळ कोणी नव्हतं, तरी ती घों करून सुरू झाली. फळीवर दोनदा नाचली, खाली पडली आणि अंगणभर फरफटत निघाली. खुर्चीचा एक पाय तिनं चाटला तशी खुर्ची बसली, दुपट्टा मशीनवर पडला आणि क्षणात त्याचा गोळा झाला. गजेंद्र कंपाउंड ओलांडून कधी पलीकडे गेला ते त्यालाही कळलं नाही. प्रभाकरराव अंकितच्या स्कूटरच्या सीटवर उभे होते. सत्तरीच्या माणसाला स्कूटरवर उभं राहता येतं हे वर्ध्यात त्या दिवशी पहिल्यांदा सिद्ध झालं.

"बंद कर! अनुसया, बंद कर!"

अनुसयाबाईंनी शांतपणे बोर्डाचं बटण बंद केलं आणि पिन काढली. घोंगाट थांबला. दुपट्ट्याच्या चिंध्या लोंबत होत्या.

"हा गळ्यात असता तं?" त्या एवढंच बोलल्या.

दुसरा माणूस इथं देवाला हात जोडून गप्प बसला असता. प्रभाकरराव स्कूटरवरून उतरले ते तपास करायलाच.

"मशीन आपोआप सुरू होत नसते. हे कोनीतरी केलं हाय."

पहिला संशय गजेंद्रवर. पण तो पलीकडून ओरडला, "काका, मी तं मशीनले अजून बोटबी लावलं नाई! आता तं लावतबी नाई!" दुसरा अंकितवर. तो फोनवर म्हणाला, "बाबा, दुकानात गिऱ्हाईक हाय," आणि फोन ठेवला. तेव्हा प्रभाकररावांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. दसऱ्याला सोनं द्यायला लक्ष्मणराव पुलगावहून आले होते! आणि पूजेच्या पाटापाशी, मशीनसमोर, बराच वेळ उभे होते!

"त्यानंच केलं! अंगठा पाठवनारा मानूस हाय तो!"

"व्याही हायेत ते," अनुसयाबाई म्हणाल्या. "पोरीचे सासरे. फोन करान तं याद ठेवा."

पण त्यांनी फोन लावला होता.

"लक्ष्मणराव, सहज इचारतो. दसऱ्याले तुमी आमच्या मशीनपाशी काय करून राह्यले होते?"

"हात जोडून राह्यलो होतो. काऊन?"

"फक्त हातच जोडले? बटन-बिटन..."

"प्रभाकरराव," लक्ष्मणराव थंडपणे म्हणाले, "देव्हारा होत नसन तं तसं सांगा. बाजारात तयार भेटते. मी येतोच रविवारी पाहाले."

दहा मिनिटांत हर्षाचा फोन आला. ती रडत होती. "बाबा, तुमी माया सासऱ्यावर शक घेतला? वास्तूच्या चार दिवस आधी? मी आता या घरात तोंड कसं दाखवू?"

आता प्रभाकरराव घाबरले. पण घाबरलेला माणूस कबूल थोडाच करतो! संध्याकाळी अंकित आला तेव्हा ते म्हणाले, "सबूत पायजे. तू दसऱ्याचा व्हिडिओ काढलता ना? लाव."

व्हिडिओ लागला. पाटावर वही, गज, कात्री आणि नवी कोरी कटर. लक्ष्मणराव चार हात लांब उभे, डोळे मिटलेले, हात जोडलेले. ते पुढे सरकलेच नाहीत, उलट एक पाऊल मागे गेले. मग अनुसयाबाई कटरीला नाडा बांधायला वाकल्या, आणि मागून आवाज आला, "सोड, तुया गाठीवर मले भरवसा नाई." पुढे प्रभाकरराव दिसले. त्यांनी नाडा मुठीभोवती एक नाही, दोन नाही, सात वेढे देऊन आवळला. मुठीच्या आतलं बटणही त्या वेढ्यांत पुरतं दाबलं गेलं. वर दातांनी ओढून पक्की गाठ. वर झेंडू. "आता पाहा, कशी बसली!" व्हिडिओतले प्रभाकरराव म्हणाले.

अनुसयाबाईंनी कात्री आणली, आधी पिन बाहेर आहे ना ते पाहिलं, आणि नाडा कापला. दाबलेलं बटण टक् करून वर आलं.

अंकित तोंडावर हात ठेवून बाहेर गेला. त्याच्या हलणाऱ्या खांद्यांवरून कळत होतं की तो हसतो आहे.

"अनुसया," प्रभाकरराव म्हणाले, "मले त्या मशीनचं भेव लागते वं."

"मले माईत हाय. काम करनारा मानूस इतके चोर शोधत नसते."

"कधीपासून माईत हाय?"

"खोकं उघडलं तवापासून." त्यांनी पुस्तक उघडून डोळ्यांजवळ धरलं. "उद्या सकाळी मी कापीन. तुमी माप घ्या आन् पिनीपाशी बसा. दुसरं काई करू नोका."

गुरुवारी सकाळी गजेंद्रनं कंपाउंडवरून पाहिलं ते त्यानं पुढे गल्लीभर सांगितलं. काकूंनी पदर कमरेला घट्ट खोचला होता, बांगड्या काढून ठेवल्या होत्या, डोळ्यांवर मशीनसोबत आलेला पारदर्शक चष्मा होता. फळी अंगणात आणलेल्या पलंगाला दोन शिकंज्यांनी, म्हणजे स्क्रूच्या लोखंडी चिमट्यांनी, आवळलेली. वायर मागून, पायांत नाही. आधी एका भंगार फळीवर कापून पाहिलं. दोन्ही हात मुठीवर, पातं पूर्ण फिरू लागल्यावरच लाकडाला लावायचं, जोर द्यायचा नाही, आणि कापून झालं की पातं थांबेपर्यंत जागचं हलायचं नाही. त्यांनी हात वर केला की काका पिन काढायचे. एवढ्या इमानदारीनं त्यांनी दुकानही चालवलं नसेल.

"कापून राह्यली वं तू!" प्रभाकरराव पहिल्या फळीनंतर म्हणाले.

"मग काय भाकर थापून राह्यली? बोलू नोका, पिनीकडं पाहा."

शनिवारी देव्हारा उभा राहिला. सरळ, साधा, सागाच्या वासाचा.

रविवारी सावंगीला घर माणसांनी भरलं होतं. देव्हारा दिवाणखान्यात ठेवला. लक्ष्मणराव पुढे आले, त्यांनी तो बोटानं वाजवला, खालून पाहिला, मागून पाहिला, मग प्रभाकररावांची दहा बोटं पाहिली.

"इकत आनला," ते म्हणाले.

हर्षा दाराशी उभी होती. तिच्या चेहऱ्याकडे पाहून प्रभाकररावांनी हात जोडले.

"लक्ष्मणराव, माफी मागतो. ती गाठ मीच बांधलती. तुमच्यावर खाली-पिली शक घेतला. आन् हा देव्हारा इकत नाई आनला. पन मीबी नाई केला. हिनं केला."

लक्ष्मणरावांचे डोळे बारीक झाले. "चाळीस वर्सं कपडा इकनारा मानूस एकदम एवढं खरं काऊन बोलून राह्यला?"

आता बोला! जन्मात पहिल्यांदा माणूस सगळ्यांसमोर खरं बोलला आणि त्याच्यावरच संशय. आणि एवढ्यावर भागलं नाही. दोघांनी देव्हारा उचलून भिंतीतल्या कोनाड्यात ढकलला तर तो जाईना. उंचीला बरोब्बर दोन बोटं जास्त.

"पाहा!" लक्ष्मणराव म्हणाले. "इकतचा हाय, म्हनून माप बसत नाई."

भटजी घड्याळ पाहू लागले. हर्षाच्या डोळ्यांत पाणी आलं. प्रभाकररावांना गज आठवला, आपला सढळ हात आठवला, आणि जमीन पोटात घेईल तर बरं असं वाटलं.

"दोन बोटं ना?" अनुसयाबाई म्हणाल्या. "मले त्या मापावर शक होताच. म्हनून कापाले पुरन एवढे पाय लांब ठेवले होते."

आणि त्यांनी प्रसादाच्या पिशवीशेजारची दुसरी पिशवी उघडली. आतून कटर निघाली, चष्मा निघाला, दोन शिकंजे निघाले.

देव्हारा अंगणात आडवा झाला. पदर खोचला, बांगड्या हर्षाच्या हातात गेल्या. "व्याही, तुमी वायरीवर उभे राह्यले, थोडं मागं सरका," त्या म्हणाल्या आणि व्याही भिंतीपर्यंत मागे सरकले. प्रभाकरराव न सांगता पिनीपाशी जाऊन बसले. चार पाय, चार घोंगाट, चारदा पिन बाहेर. देव्हारा कोनाड्यात असा बसला की हर्षानं आईला सगळ्यांसमोर मिठी मारली.

पूजा सुरू झाली तेव्हा लक्ष्मणराव हळूच येऊन प्रभाकररावांच्या बाजूला बसले.

"आमच्या घरीबी एक कटर हाय," ते पुटपुटले. "दोन वर्सं झाले."

"मंग?"

"खोक्यातून काढली नाई अजून. त्या खोक्याची पट्टी मले उचकटलेली वाटते. कोनीतरी हात लावला असन, असा शक हाय मले."

प्रभाकररावांनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग तोंड त्यांच्या कानाशी नेलं.

"भेव लागते ना?"

लक्ष्मणरावांनी एकदा भटजींकडे पाहिलं, एकदा बायकोकडे पाहिलं, आणि मान हलवली. प्रभाकररावांनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. एवढी माया त्यांना व्याह्याबद्दल लग्नातही वाटली नव्हती.

मागच्या बाजूला अनुसयाबाई वायर गुंडाळत बसल्या होत्या. त्यांनी मान वर न करता विचारलं, "आवो, पुलगावची गाडी किती वाजता हाय?"