हॅमस्टरशेठची वाळू

आप्पा आठल्ये अंगणातल्या नळाखाली पिंजरा घासत होते, आणि त्या पिंजऱ्याचा रहिवासी स्वयंपाकघरात भाताच्या टोपात बसला होता. टोपावर चाळण पालथी घातलेली होती. त्यांचा मुलगा चारुदत्त दात घासत घासत बाहेर आला आणि ब्रश त्याच्या तोंडातच राहिला.

"आप्पा! हे काय केलंत?"

"स्वच्छता," आप्पा म्हणाले. "काय ती घाण रे! खाली सगळे कागदाचे कपटे, आणि कोपऱ्यात वाडगाभर माती. जास्वंदीच्या मुळाशी ओतलं सगळं. आता बघ, त्याचं पळायचं चाकसुद्धा कसं लखलखतंय."

चारुदत्तने धावत जाऊन नळ बंद केला. पिंजरा त्याचा नव्हता, आतला उंदरासारखा हॅमस्टरही त्याचा नव्हता. दोन्ही त्याच्या साहेबांचे होते. चारुदत्त महसूल खात्यात कारकून होता. कुणी परवान्याशिवाय वाळू उचलली की त्याला नोटीस काढायचं काम त्याचं, आणि जीप घेऊन त्याच्या मागे धावायचं काम मानेसाहेबांचं. साहेब साताऱ्याकडचे. आवाज असा, की फायलींवरची धूळ आपोआप उडावी. मुंबईला लग्नाला जाताना ते पिंजरा चारुदत्तच्या हातात देऊन म्हणाले होते, "आठल्ये, हे माझ्या पोरीचं काळीज हाय. रविवारी संध्याकाळी न्यायला येतो. जसं हाय तसं पायजे."

आज रविवार उजाडला होता, आणि साहेबांच्या पोरीचं काळीज भाताच्या टोपात होतं.

"त्यात एवढं काय?" चारुदत्तची बायको सुमेधा म्हणाली. "दुसरं अंथरूण घालू. वातींचा कापूस आहे माझ्याकडे. चांगला मऊ."

"कापूस कशाला?" आप्पा म्हणाले. "पलीकडे आंब्याची खोकी बनवतात ना, तिथून भुसा आणतो पिशवीभर. लाकडाचा वास कसा छान येतो."

आप्पा भुसा घेऊन परत आले आणि कापूस की भुसा यावर वाद रंगला, तेवढ्यात चारुदत्तचा फोन वाजला. व्हिडिओ कॉल होता. पडद्यावर साहेबांची मुलगी अक्षया, अजून कालच्या लग्नाच्या परकर-पोलक्यात.

"काका, लाडू काय करतोय?"

"झोपलाय," चारुदत्त म्हणाला आणि टोपाकडे पाठ करून उभा राहिला.

"कशावर?"

"कशावर म्हणजे... कशावर झोपवावं असं तुझं म्हणणं आहे?"

"साध्या कागदाच्या कपट्यांवर. छापलेला कागद नको, वासाचा नको. आणि चांगला जाड थर घाला, त्याला आत बोगदे करायचे असतात. कापूस घातला नाहीत ना? त्याचे धागे पायात अडकतात. पोटात गेले तर मरतो तो."

सुमेधाने कापसाचा पुडा हळूच पाठीमागे लपवला.

"आणि पाइनच्या, म्हणजे खोक्यांच्या लाकडाचा भुसा तर नकोच. त्याच्या वासाने श्वासाला त्रास होतो."

आप्पांनी पायाने पिशवी टेबलाखाली सारली.

"आणि अंघोळीची वाळू आहे ना?"

"अंघोळीची वाळू?"

"तो पाण्याने अंघोळ करत नाही काका. वाळूत लोळतो. बारीक वाळू, धूळ नसलेली. ती नसली की तो चिडतो. मग मी पण चिडते."

"मग मी बी चिडतो!" मागून साहेबांचा आवाज गडगडला आणि कॉल संपला.

कागदाचा प्रश्न सुमेधाने सोडवला. बिनवासाच्या टिश्यूचे रोल आणून तिघंही कपटे करत बसली. लाडू त्या ढिगात नाक खुपसून दिसेनासा झाला. खुशीत असावा. राहिली वाळू.

गावातल्या पाळीव प्राण्यांच्या दुकानात मांजराची वाळू होती. ती ओली झाली की गोळा व्हायची, आणि वर लव्हेंडरचा वास. चारुदत्तने ती नको म्हटलं आणि बांधकामाच्या सामानाच्या दुकानात गेला. दुकानदाराने त्याला पाहून हात जोडले.

"वाळू? खरी? आठल्येसाहेब, तुमचीच नोटीस आली तेव्हापासून एक कण ठेवत नाही मी. आता फक्त दगडाचा चुरा. परीक्षा बघताय काय गरिबाची?"

चारुदत्त घरी येऊन डोकं धरून बसला. इतकी वर्षं त्याने इमानाने नोटिसा काढल्या होत्या, आणि त्या इतक्या लागू पडल्या असतील असं त्याला वाटलं नव्हतं.

"समुद्र काय भाड्याने आणायचाय?" आप्पा म्हणाले. "उठ. स्कूटर काढ."

"मांडवीच्या किनाऱ्यावर जायचं?"

"मांडवीची काळी. साहेबाला वाटेल कोळसा भरून ठेवलाय. भाट्याला जाऊ."

"आप्पा, किनाऱ्यावरची वाळू उचलणं हा गुन्हा आहे. माझंच टेबल आहे ते!"

"अरे, वाडगाभर तर हवी. तेवढी पोरांच्या चड्डीतून घरी येते."

सुमेधा गणिताची बाई. ती म्हणाली, "मीठ जायला पुष्कळ वेळा धुवावी लागेल, त्यात निम्मी वाहून जाईल. चाळल्यावर आणखी निम्मी. जरा जास्तच आणा." म्हणून वाडग्याची पिशवी झाली, आणि पिशवी फाटेल म्हणून आप्पांनी तांदळाचं पोतं घेतलं.

भाट्याला रविवारची गर्दी होती. आप्पा सुरूच्या झाडाखाली पीठ चाळायची चाळण घेऊन बसले आणि चारुदत्त फावड्याने वाळू आणून द्यायला लागला. फावडंही आप्पांचीच सूचना. तो खाली वाकलेला असताना पाठीमागून आवाज आला.

"आठल्येनू, काय करताव?"

चारुदत्तने वळून पाहिलं. बाबल्या उभा होता. बाबल्याचा टेम्पो चारुदत्तच्याच नोटिशीवरून वाळूसकट कचेरीच्या आवारात बराच काळ उभा होता. आज बाबल्याच्या हातात मोबाइल होता, आणि तो व्हिडिओ काढत होता. चेहऱ्यावर असा आनंद, की जणू घरात पाळणा हलला.

"बाबल्या, तुझा गैरसमज होतोय. ही माझ्यासाठी नाहीये!"

"मग कोनासाठी?"

"हॅमस्टरसाठी!"

बाबल्याने मोबाइल आणखी जवळ आणला. "ह्यो हॅमस्टर कोन? ठेकेदार हाय?"

"ठेकेदार कसला मेल्या!" आप्पा चाळण आपटत ओरडले. "त्याला अंघोळ घालायचीय!"

"वाळूने?"

"वाळूनेच! नाही मिळाली तर चिडतो तो! मग साहेबही चिडतात!"

बाबल्याने व्हिडिओ तिथेच थांबवला. याहून अधिक काही नको होतं.

घरी सुमेधाने वाळू धुतली, पुन्हा धुतली, आणि जंतू मरावेत म्हणून मोठ्या कढईत भाजायला घेतली. एवढी तापलेली वाळू फुकट कशाला घालवायची म्हणून आप्पांनी तिच्यात मूठभर शेंगदाणे टाकले. शेंगदाणे फर्मास झाले. ते खात असतानाच चारुदत्तचा फोन थरथरायला लागला, आणि थांबेना. व्हिडिओ गावभर फिरला होता. खाली मजकूर: 'महसूलचा कारकून हॅमस्टरशेठच्या पगारावर! साहेबांनाही हॅमस्टरशेठच्या रागाची भीती!'

एका वार्ताहराने फोन करून विचारलं, "हॅमस्टरशेठ गोव्याचे की दुबईचे, एवढंच सांगा." चारुदत्तने फोन बंद केला आणि कढईसमोर बसून राहिला. नोकरी गेली, असं त्याला वाटलं. सुमेधाने त्याच्या हातात शेंगदाणे ठेवले. तेही त्याला कडू लागले.

संध्याकाळी साहेबांची गाडी दारात थांबली. अक्षया धावत आत आली आणि पिंजऱ्याला चिकटली. साहेब आले, त्यांनी दार लावलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा हळू आवाजात बोलले.

"आठल्ये, वरून फोन होता. हॅमस्टर नावाच्या इसमाने भाट्यात वाळूचा धंदा मांडलाय. मुसक्या बांधून हजर करा म्हणाले."

सगळ्यांनी पिंजऱ्याकडे पाहिलं. कपट्यांच्या ढिगातून लाडूने डोकं वर काढलं. दोन्ही गाल टम्म फुगलेले.

"मग सांगायचं ना तुम्ही, तो मुठीएवढा प्राणी आहे म्हणून!" सुमेधा म्हणाली.

"सांगणारच होतो वहिनी. ओठांवर आलं होतं. पण पुढचा प्रश्न काय आला असता? कुणाचा हाय?"

साहेबांनी स्वतःच्याच छातीवर बोट ठेवलं. अक्षयाने मात्र कपट्यांचा थर बोटाने मोजला आणि मान डोलावली. मग तिने वाटीतल्या वाळूत बोट फिरवलं.

"ही समुद्रावरची आहे. यात शिंपल्यांचे तुकडे आहेत, टोचतील त्याला. आणि काका, हिला शेंगदाण्यांचा वास का येतोय?"

आप्पांनी उरलेले शेंगदाणे खिशात घातले.

"जाऊ दे," ती म्हणाली आणि पिशवीतून एक पाकीट काढलं. "मी मुंबईहून नवीन आणलीय. जुनी मला टाकायचीच होती."

चारुदत्तने कढईतली वाळू पुन्हा पोत्यात भरायला घेतली.

मग साहेब, चारुदत्त आणि आप्पा पोतं घेऊन भाट्याला गेले आणि वाळू जिथली तिथे ओतून आले. साहेबांनी चारुदत्तला खडसावून घेतलं, पुन्हा फावड्याला हात लावायचा नाही अशी शपथ घ्यायला लावली, आणि वर कळवलं, 'वाळू जागेवर परत टाकण्यात आली. हॅमस्टर नावाचा कोणीही इसम शोध घेता मिळून आला नाही.'

"यात एक अक्षर खोटं नाही," ते म्हणाले.

पण हॅमस्टरशेठ मिळून आला नाही म्हटल्यावर त्याचा दरारा फारच वाढला. राजापूरला त्याचे जेसीबी उतरलेत, असं कुणीतरी सांगितलं. एवढा मोठा माणूस धंद्यात उतरल्यावर आपलं काय, म्हणून लहानसहान वाळूचोर नदीकडे फिरकेनासे झाले. साहेबांची जीप आवारात निवांत उभी राहू लागली.

अशाच एका दुपारी बाबल्या कचेरीबाहेर येऊन उभा राहिला. टेम्पो मागे, आणि आवाजात नुसती साखर.

"आठल्येनू, त्या दिवशी चुकलाच माझा. व्हिडिओ पुसून टाकलाय. शेठच्या कानावर घाला ना जरा. टेम्पो रिकामा उभा हाय."

चारुदत्तने ठरवलं, आता खरं तेच सांगायचं.

"बाबल्या, अरे, तो प्राणी आहे."

"तेच सगळी म्हणतात. मोठा प्राणी हाय म्हणून! असतो खंय?"

"साहेबांच्या घरी."

बाबल्याने साहेबांच्या खिडकीकडे पाहिलं. "साहेबांच्याच घरी! मग भेटंल कवा?"

"दिवसभर झोपलेला असतो. रात्री उठतो, तो पहाटेपर्यंत चाकावर."

"सोता?"

"स्वतः. दुसऱ्याला हात लावू देत नाही. चावतो."

"आणि... पैशाआडक्याचा, खान्यापिन्याचा कसा हाय?"

"समोर येईल ते तोंडात भरतो," चारुदत्त प्रामाणिकपणे म्हणाला. "मग कोपऱ्यात नेऊन पुरून टाकतो."

बाबल्या दोन पावलं मागे सरला. त्याने चारुदत्तला हात जोडले, साहेबांच्या खिडकीलाही जोडले आणि टेम्पोत उडी मारली.

"नको आठल्येनू! मी आपला कलिंगडा वाहतंय!"

"अरे, सूर्यफुलाच्या बिया पुरतो!" चारुदत्त मागून ओरडला. पण टेम्पो तोवर उतारावरून दिसेनासा झाला होता.